पुस्तक निघाले, हे लेखकाने सांगू नये काय?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या वाचक पत्रव्यवहारात कराडच्या एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले आहे. हल्लीचे कादंबरीकार पुस्तक लिहून थांबत नाहीत, ते पिशवीत घालून दारोदार हिंडतात, प्रकाशन समारंभाचे निमंत्रण मोबाइलवर तीन-तीनदा पाठवतात आणि स्वतःच्या पुस्तकाचे कौतुक स्वतःच करत सुटतात, अशी त्यांची तक्रार आहे. आणि शेवटी समर्थांच्या मूर्खलक्षणांचा दाखला देऊन, आपली स्तुती आपण करणाऱ्याला तेथे कोणती पदवी मिळाली आहे याचे त्यांनी स्मरण करून दिले आहे. पत्रात कोणाचेही नाव नाही. तरीही सज्जनगडाच्या जिल्ह्यातून सुटलेला हा बाण सांगलीत माझ्या घरी नेमका येऊन लागला, कारण त्याच्या आदल्या रविवारीच माझ्या पहिल्या कादंबरीचे प्रकाशन झाले आणि निमंत्रण मी खरोखरच तीनदा पाठवले होते.

समर्थांच्या बाबतीत मला बचाव नाही, हे आधीच मान्य करते. ज्या ओवीत आपली स्तुती करणारा मूर्ख ठरला आहे, त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगणाऱ्यालाही त्याच रांगेत बसवले आहे, आणि माझी कादंबरी तर सुरूच होते माझ्या वडिलांच्या बैठकीवरून. म्हणजे मी एकाच ओवीत दोनदा सापडते. पण मूर्ख ठरूनही काही गोष्टी सांगायच्या उरतात, त्या सांगण्यासाठी हे पत्र. कादंबरीचे नाव मात्र मी यात कोठेही लिहिणार नाही, कारण ते लिहिले की पत्राची जाहिरात होईल आणि जाहिरातीचा दर आपल्याकडे चौरस सेंटीमीटरला असतो.

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पहिले पुस्तक निघाल्याचा आनंद मला झाला आहे आणि तो लपवण्याचे काही कारण मला दिसत नाही. छापखान्यातून खोका आला, त्या दिवशी सून कामावर गेली होती, म्हणून खोक्याची पट्टी मी विळीने कापली. वरची प्रत त्यात थोडी चिरली गेली, ती मी स्वतःला ठेवली आहे. २६४ पाने, करड्या मुखपृष्ठावर हळदीचा एक बोट रुंद पट्टा. उघडून पहिले वाचले ते अर्थातच पहिले पान नव्हे. जेथे मुद्रणदोष राहिला असेल अशी धास्ती होती ते एकशे बारावे पान. दोष तेथे नव्हता, एकशे तेरावर होता.

कादंबरी हरिपूरच्या पेवांवर आहे. सांगलीबाहेरच्या वाचकांना पेव म्हणजे काय हे माहीत असेलच असे नाही, आणि पुढच्या पिढीतील सांगलीकरांनाही ते सांगावे लागेल, अशी आता स्थिती आहे. कृष्णा आणि वारणा जेथे मिळतात त्या हरिपूरच्या शिवारातील माती अशी घट्ट की तिच्यात वीस-पंचवीस फूट खोल खणले तरी भिंत ढासळत नाही. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढे अरुंद आणि पोट रांजणासारखे फुगीर. त्यात हळद भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपायचे आणि भाव येईपर्यंत विसरून जायचे. वर्षे गेली तरी हळकुंडाला कीड लागत नसे आणि रंगही उतरत नसे. एके काळी या जमिनीखाली इतकी हळद असे, की शेतातून चालणाऱ्याला आपण कोणाच्या संपत्तीवर पाय देत आहोत याचा पत्ता नसे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे बाजारपेठेइतकाच या साठवणुकीचाही लौकिक आहे.

माझे वडील गणपती पेठेत एका अडत दुकानी दिवाणजी होते. कोणते पेव कोणाचे, कोणत्या तिथीला लिंपले, आत किती पोती गेली, याची वही त्यांच्याकडे असे, आणि पेव उघडण्याच्या दिवशी ते मला सायकलवर पुढे बसवून हरिपूरला नेत. उघडलेल्या पेवात लगेच कोणी उतरत नसे. आतली हवा मेलेली असते; ती बराच वेळ मोकळी सोडावी लागते, मग कंदील दोरीने खाली सोडतात, आणि कंदील विझला तर माणूस उतरत नाही. विझलेला कंदील वर घेतानाची ती शांतता मी सहाव्या वर्षी ऐकली आणि कादंबरी बहुधा तेथेच सुरू झाली. लिहायला मात्र पन्नास वर्षे लागली, कारण मध्ये संसार होता, नोकरी होती आणि आपल्या घरातले असे काही लिहिण्यासारखे असते यावर विश्वास नव्हता.

२००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले. हळद कुजली, आणि बहुतेक पेवे त्यानंतर पुन्हा भरलीच गेली नाहीत. माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा नगर वाचनालयाची हजारो पुस्तके पाण्यात गेली आणि आमच्या तळमजल्यावर माझ्या टिपणांच्या दोन वह्याही गेल्या. वह्यांचे मी फारसे मनावर घेतले नाही, कारण वाचनालयाबाहेर फुगलेल्या पुस्तकांचा जो ढीग मी पाहिला, त्यापुढे माझ्या दोन वह्या म्हणजे काहीच नव्हते. पण त्याच आठवड्यात, पाणी उतरल्यावर चिखल काढता काढता, मी ठरवले की आता टिपणे पुरे, लिहायलाच बसायचे. त्याला सात वर्षे झाली.

आता पत्रलेखक महोदयांच्या मूळ मुद्द्याकडे येते. लेखकाने लिहावे, विकणे हे त्याचे काम नव्हे, असे ते म्हणतात. ऐकायला हे फार शोभिवंत वाटते. पण विकणे हे नक्की कोणाचे काम, ते त्यांनी सांगितलेले नाही. माझा व्यवहार मी उघड करते, कारण त्यात लपवण्यासारखे काही नाही आणि नव्या लेखकांना तो उपयोगी पडेल. कादंबरीच्या ५०० प्रती छापल्या आहेत, किंमत ३५० रुपये. विक्रेत्याची सूट ३५ टक्के, म्हणजे एका प्रतीमागे १२२ रुपये ५० पैसे त्याच्याकडे राहतात. त्याने ते का ठेवू नयेत, दुकानाचे भाडे आणि वीजबिल त्यालाही आहेच. माझे मानधन १० टक्के, म्हणजे प्रतीला ३५ रुपये, तेही विक्रीनंतर. सगळ्या ५०० प्रती संपल्या तर १७,५०० रुपये, म्हणजे लिहिण्याच्या सात वर्षांचे वर्षाला अडीच हजार. पहिल्याच पुस्तकावर पैसे घालणाऱ्या प्रकाशकांनी, त्यांचाही धोका कमी व्हावा म्हणून, १०० प्रती मी ४० टक्के सवलतीने घ्याव्यात अशी अट घातली आणि मी ती हसतमुखाने मान्य केली. त्याचे २१,००० रुपये झाले. पिशवीत घालून मी जी कादंबरी हिंडवते ती या शंभर प्रतींपैकी. मी ती ३०० रुपयांना देते, तेव्हा सत्तर प्रती गेल्या की माझे पैसे मोकळे होतात. उरलेल्या तीस मी ज्यांच्याकडून ऐकून लिहिले त्या माणसांना, काही ग्रंथालयांना आणि अभिप्रायासाठी वृत्तपत्रांना द्यायच्या आहेत. आजपर्यंत एक्केचाळीस गेल्या आहेत. हा हिशेब वाचून कोणाला यात धंदा दिसला, तर त्यांनी माझ्या वडिलांची वही जरूर पाहावी. धंदा कसा मांडतात ते तिच्यात आहे.

टपालाचेही थोडे सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुक पोस्टाची सोय बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशकांच्या तोंडचे पाणी पळाले होते. पुढे मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू झाली, तिच्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोपर्यंत १०० रुपये असे दर ठरले आणि वर कर. माझी कादंबरी वेष्टनासह ३०० ग्रॅमच्या जराशी वर जाते. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या तरुणाने नियमावलीचा कागद पुढे ओढून अगदी प्रामाणिकपणे विचारले, “आजी, पुस्तक शैक्षणिक आहे, सामाजिक आहे की सांस्कृतिक?” मी म्हटले, हळदीचे आहे. त्याने क्षणभर विचार करून शिक्का मारला. आता तो मला ओळखतो आणि पाकीट वजनकाट्यावर ठेवताना अजून किती राहिल्या ते विचारतो.

पत्रलेखकांचे एक म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. शंभर प्रती छापून ‘पहिली आवृत्ती चार दिवसांत संपली’ असे फलक लावणे, मित्रांकडून अभिप्राय लिहवून घेऊन ते अनोळखी वाचकाचे म्हणून फिरवणे, मलपृष्ठावर स्वतःला ‘युगप्रवर्तक’ म्हणवून घेणे आणि पैसे भरून मिळणाऱ्या पुरस्कारांची चिन्हे मुखपृष्ठावर चिकटवणे, हे सगळे हिणकस आहे आणि ते मोठ्या प्रमाणात चालते. पण पुस्तक थोर आहे हे सांगणे वेगळे आणि पुस्तक आले आहे हे सांगणे वेगळे. पहिले लेखकाने कधीच सांगू नये. दुसरे त्याने सांगितले नाही, तर कोण सांगणार? यंदाच्या जानेवारीत साताऱ्यात ९९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, अध्यक्षपदी विश्वास पाटील होते, आणि ग्रंथप्रदर्शनात नामवंतांच्या पुस्तकांपुढे मांडवात उभे राहायला जागा नव्हती. माझी कादंबरी त्या वेळी छापखान्यात होती. एका गाळ्यासमोर उभी राहून मी पाहत होते: वाचक येत, नाव घेऊन पुस्तक मागत आणि घेऊन जात. जे नाव त्यांनी ऐकलेलेच नाही, ते मागणार कसे? बनगरवाडीचे माडगूळकर किंवा फकिराचे अण्णा भाऊ आमच्याच जिल्ह्याचे, हे सांगून आम्ही छाती फुगवतो, पण तेही कोणे एके काळी ऐकलेले नसलेलेच नाव होते.

आणि लेखकाने आपले काम लोकांपुढे स्वतः घेऊन जाणे सांगलीला लाज वाटण्यासारखे असेल, तर ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, आपण साजरे काय करतो? विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा पाठीशी चिंतामणराव पटवर्धनांचा राजाश्रय होता. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि आश्रय संपला. भावे घरी बसून योग्य वाचकाची, म्हणजे प्रेक्षकाची, वाट पाहत राहिले नाहीत. त्यांनी मंडळी घेतली, गावोगाव फिरले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाला पैसे मोजणारा प्रेक्षक असतो, हे त्या फिरतीमुळे कळले. त्या शतकातील कितीतरी मराठी पुस्तकांच्या अखेरीस आगाऊ वर्गणी देणाऱ्या आश्रयदात्यांची नावे छापलेली आढळतात. ती नावे गोळा करायला कोणी तरी दारोदार हिंडलेच असणार, आणि बहुतेक वेळा तो स्वतः ग्रंथकर्ताच असे. पिशवी जुनी आहे. मोबाइलवरचे निमंत्रण तेवढे नवे, आणि ते तीनदा पाठवू नये हा उपदेश मी मनापासून स्वीकारते.

आपल्याकडे माझी एक मागणी आहे, आणि खरे तर त्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले. माझ्या लहानपणी रविवारच्या अंकात एका कोपऱ्यात ‘साभार पोच’ असे सदर येत असे. त्यात परीक्षण नसे, छायाचित्र नसे. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे आणि किंमत, एवढ्या एका ओळीत कार्यालयात आलेले प्रत्येक पुस्तक नोंदले जाई. वडील ते सदर पेन्सिलीने खुणा करत वाचत आणि महिन्याकाठी त्यातले एखादे पुस्तक वाचनालयात मागवायला सांगत. हे सदर बहुतेक ठिकाणी आक्रसत गेले किंवा बंद झाले. आज पुस्तकाची बातमी येते ती प्रकाशनाला कोणता नेता होता त्यावरून, आणि तीत पुस्तकाचे नाव कधी कधी चौथ्या ओळीत सापडते. परीक्षणाला जागा आणि जाणकार दोन्ही लागतात, ते सगळ्या पुस्तकांना मिळणे शक्य नाही, हे मला कळते. पण एका पुस्तकाला एक ओळ, आठवड्याला वीस ओळी, एवढी जागा राशिभविष्याशेजारी नक्की निघेल. ती निघाली, तर कराडच्या वाचकांची निम्मी तक्रार आपोआप दूर होईल, कारण मग आम्हाला पिशवी कमी वेळा उचलावी लागेल. त्या ओळीत विशेषण एकही नसावे, ही अट माझ्याकडूनच घाला.

प्रकाशन समारंभाबद्दल पत्रलेखक ‘शाल-श्रीफळाचे नाटक’ असे लिहितात. माझ्या समारंभात शाल होती, श्रीफळही होते, ध्वनिक्षेपक दोनदा बंद पडला आणि मांडलेल्या ऐंशी खुर्च्यांपैकी पन्नासेक भरल्या. भाषणांत काय झाले ते मला फारसे आठवत नाही. आठवतात ते शेवटच्या रांगेत बसलेले, टोपी मांडीवर ठेवून ऐकणारे एक वृद्ध गृहस्थ, जे उमेदीत हरिपुरात पेव भरण्या-उपसण्याचे काम करत आणि ज्यांना त्यांचा नातू निमंत्रण वाचून घेऊन आला होता (तिसऱ्यांदा पाठवलेले, हे नमूद करते). त्यांनी नातवाकडून दोन प्रकरणे आधीच वाचून घेतली होती. कार्यक्रम संपल्यावर ते टेबलाजवळ आले, पुस्तक उलटे-सुलटे करून त्यांनी नाकाशी नेले आणि म्हणाले, “बाई, सगळं बराबर हाय. येक चुकलंय. तुमचा गडी पेवात उतरल्यावर गानं म्हनतोय. पेवात उतरलेला गडी गात न्हाई. त्यो वरच्यासंगं बोलत ऱ्हातो. काय बी बोलायचं, भाकरीचं, बैलाचं. बोलनं थांबलं की वरच्यानं दोर वडायचा.”

सात वर्षांत मी अनेकांशी बोलले, पण हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि वडिलांच्या वहीत ते असणे शक्यच नव्हते. ते गाणे मला फार आवडत होते, हेही खरे आहे. घरी आल्यावर मी आणि सुनेने मिळून शुद्धिपत्राची चिठ्ठी तयार केली: पृष्ठ ८७, ओळ १४, ‘गाऊ लागला’ ऐवजी ‘बोलत राहिला’ असे वाचावे. माझ्याकडे उरलेल्या प्रत्येक प्रतीत ती आता चिकटवलेली आहे, आणि दुकानांत गेलेल्या प्रतींसाठी प्रकाशकांकडे चारशे चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. आधीच घेतलेल्या वाचकांनी आपापल्या प्रतीत पेन्सिलीने दुरुस्ती करावी, ही विनंती.

येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता हरिपूरला, नाटककार गो. ब. देवलांच्या या गावच्या पाराजवळ, मी याच प्रकरणाचे, दुरुस्तीसह, वाचन करणार आहे. कराडच्या पत्रलेखक महोदयांना माझे आग्रहाचे निमंत्रण आहे आणि ते एकदाच देत आहे. पिशवी बरोबर असेल. पण त्यांना प्रत घेण्याचा आग्रह होणार नाही, त्यांच्यासाठी विळीने चिरलेली माझी प्रत वाचायला काढून ठेवली आहे.

आपली नम्र,
एक कादंबरीकार,
हरिपूर रस्ता, सांगली